'क्युरेटर'ला मराठीत काय म्हणायचं? शब्दाचा अर्थ आणि मूळ

दुर्वांकुर
मंडळी, एका शब्दासाठी मदत हवी आहे.

मी गेली १४ वर्षं संग्रहालयात क्युरेटर आहे. खोलीच्या दारावर मराठी पाटी आहे, 'अभिरक्षक'. मागच्या महिन्यात शाळेची सहल आली होती. त्यातली एक मुलगी पाटीपाशी थांबली, दोनदा वाचली आणि मला म्हणाली, "म्हणजे चोर येऊ नयेत म्हणून तुम्ही इथे बसता का?" मी नाही म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "मग काय करता?" याचं उत्तर मला एका वाक्यात देता आलं नाही, आणि तोवर बाईंनी सगळ्यांना पुढच्या दालनात नेलं.

तिचं काही चुकलं नव्हतं. अंगरक्षक, वनरक्षक, सुरक्षारक्षक. रक्षक म्हटलं की राखण आली. 'अभि' लागला की ती चहूबाजूंनी होते, इतकंच. माझ्या दिवसाचा मात्र फार थोडा भाग राखणीत जातो. वस्तू दारात आली की ती कुठून आली, आधी कोणाकडे होती हे विचारायचं. दाखल नोंदवहीत तिला क्रमांक द्यायचा, मोजमाप घ्यायचं, फोटो काढायचे, आधीचे डाग आणि भेगा लिहून ठेवायच्या. मग ती कशाची, कधीची, कोणाच्या हातची याचा शोध, जो वर्षानुवर्षं चालतो. ती कोणत्या वस्तूशेजारी मांडायची, खालच्या लेबलवर काय लिहायचं आणि काय गाळायचं. शिवाय मांडलेल्या वस्तूंहून स्टोअरमधल्या कितीतरी जास्त असतात, त्या धड आहेत ना हे बघत राहायचं.

त्या मुलीमुळे मी मूळ शब्द शोधायला बसले. लॅटिनमध्ये 'कूरा' हे नाम, त्यावरून 'कूरारे' हे क्रियापद, आणि ते करणारा तो 'कूरातोर'. इथे मी थबकले, कारण 'कूरा'ला दोन अर्थ आहेत. एक चिंता, दुसरा जपणूक. आपल्याकडेही हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात: काळजी. 'मला त्याची काळजी वाटते' आणि 'मी त्याची काळजी घेते'. इतका नेमका जोडीदार आपल्या रोजच्या बोलण्यात असताना पाटीवर 'रक्षक' का आला?

या शब्दाचा प्रवास कोणाला माहीत असेल तर लिहा. आणि तुम्ही मराठीत काय म्हणाल, तेही.

जुनी_पोथी
छान धागा. वाचनखूण साठवली.

संग्रहालयांच्या कितीतरी आधी रोममध्ये क्युरेटर होते, पण त्यांच्याकडे वस्तू नव्हत्या. शहराच्या पाण्याचा एक कूरातोर, मोठ्या रस्त्यांचे वेगळे, सार्वजनिक इमारतींचे वेगळे, टायबर नदीच्या पात्राचे आणि काठांचे वेगळे. नदीची व्यवस्था सम्राट टायबेरियसनं इ.स. १५ मध्ये लावली. पाण्याचं काम आधी सम्राट ऑगस्टसचा सहकारी आग्रिप्पा आपल्या माणसांकडून बघत असे. इ.स.पू. १२ मध्ये तो वारला आणि ऑगस्टसनं त्यासाठी पद निर्माण केलं.

या पदावरचा सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे फ्राँटिनस. इ.स. ९७ मध्ये नेर्व्हा सम्राटानं त्याला नेमलं. तो आधी ब्रिटनचा सुभेदार होता, सैन्य चालवलेला माणूस. पदावर येताच त्यानं काय करावं? कोणता जलसेतू कुठून निघतो, किती लांब आहे, नळांची मापं काय, पाणी कुठे मुरतं आणि कुठे चोरलं जातं, हे सगळं लिहून काढलं. त्याचं म्हणणं असं की जे काम अंगावर घेतलं ते स्वतःला माहीत असायलाच हवं, हाताखालच्यांच्या सांगण्यावर विसंबून चालायचं नाही. ते लिखाण आजही उपलब्ध आहे.

दुर्वांकुर, तुमच्या दाखल नोंदवहीचा पूर्वज मला तिथे दिसतो. आपल्याकडे काय आहे, किती आहे, कुठल्या अवस्थेत आहे, हे आधी माहीत हवं. ज्याची नोंद नाही त्याची काळजी घेणार कशी?

मैदानी_वारा
मी क्युरेटर हा शब्द फक्त क्रिकेटच्या बातम्यांत ऐकलाय. खेळपट्टीवर गवत किती ठेवायचं, पाणी कधी मारायचं, रोलर किती फिरवायचा हे ठरवणारा माणूस. तो आणि संग्रहालयातला क्युरेटर, शब्द एकच का? का नुसता योगायोग?

भ्रमणध्वनी
@मैदानी_वारा, शब्द एकच, योगायोग नाही. इंग्लंडमध्ये त्या माणसाला ग्राउंड्समन म्हणतात. ऑस्ट्रेलियात क्युरेटर म्हणायची पद्धत आहे आणि आपल्याकडेही तेच रुळलंय. मूळ अर्थ 'ज्याच्या हवाली काम आहे तो' असा धरला तर खेळपट्टीचा माणूस रोमच्या पाणीवाल्याच्या फार जवळचा आहे. एक जमीन सांभाळतो, एक जलसेतू सांभाळायचा. प्राणिसंग्रहालयातही क्युरेटर असतो आणि वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालाही असतो.

कागदपत्रे
मी वकिली करते, म्हणून कायद्याच्या बाजूनं थोडं.

रोमन कायद्यात कूरातोर म्हणजे माणसाचा पालक. त्याहीआधी 'तूतोर' असायचा. वयात न आलेल्या पोरक्या मुलाला तूतोर, आणि वयात आलं पण २५ वर्षं पूर्ण नाहीत अशाला कूरातोर मिळू शकायचा. ज्याचं चित्त ठिकाणावर नाही किंवा जो घरची इस्टेट उधळतोय, त्याच्यावरही कूरातोर नेमत. वेड्या माणसाचा भार त्याच्या कुळातल्या पुरुष नातेवाइकांवर, हा नियम तर बारा पाट्यांच्या कायद्याइतका जुना, म्हणजे इ.स.पू. ५ व्या शतकाच्या मध्याचा.

ही छटा कायद्यात अजून जिवंत आहे. नेदरलँड्समध्ये 'क्युरेटर' आला म्हटलं की कंपनी दिवाळखोरीत गेली असं लोक समजतात, कारण बुडालेल्या धंद्याची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्याला तिथे तेच म्हणतात. इटलीतही दिवाळखोराच्या मालमत्तेवर 'कुरातोरे' नेमतात.

एक सूत्र लक्षात घ्या. तूतोर असो की कूरातोर, मालमत्ता त्याची नाही. तो दुसऱ्याच्या वतीनं सांभाळतो, कारण ज्याची ती आहे तो स्वतः सांभाळू शकत नाही. संग्रहालयातली वस्तू तरी दुसरं काय आहे? तिचा करणारा केव्हाच गेला, ती स्वतःसाठी बोलू शकत नाही, आणि ज्या पुढच्या पिढ्यांची ती आहे त्या अजून जन्मल्याही नाहीत.

आता 'अभिरक्षक'. कायद्याच्या मराठीत 'अभिरक्षा' म्हणजे कस्टडी. मुलाची अभिरक्षा आईकडे, आरोपी पोलिसांच्या अभिरक्षेत. म्हणजे हा शब्द ज्यानं योजला त्यानं बहुधा 'कस्टोडियन'चा विचार केला, 'कूरा'चा नाही. लॅटिनमध्ये 'कुस्तोस' म्हणजे पहारेकरी. तो पूर्ण वेगळा शब्द आहे.

भ्रमणध्वनी
या शब्दाचं गणगोत मोठं आहे. इंग्रजीत 'क्युअर' म्हणजे रोग बरा करणं, ते 'कूरा'चंच. 'ॲक्युरेट' म्हणजे अचूक, पण मुळात 'ज्यावर काळजीपूर्वक काम केलंय ते'. 'क्युरियस'चा आजचा अर्थ कुतूहल असलेला, लॅटिनमध्ये आधी 'काळजीपूर्वक वागणारा' आणि त्यातूनच 'चौकस'. गावच्या चर्चमधला पाद्री फ्रेंचमध्ये 'क्युरे', कारण गावातल्या आत्म्यांचा सांभाळ त्याच्याकडे. 'सिनेक्युअर' म्हणजे मानधन मिळतं पण काम नाही असं पद; शब्दशः 'काळजीविना', म्हणजे चर्चचं उत्पन्न आहे पण आत्म्यांचा भार नाही.

मला सगळ्यात आवडतो तो 'सिक्युअर'. 'से' म्हणजे वेगळं, 'कूरा' म्हणजे काळजी. सिक्युअर म्हणजे काळजीपासून मोकळा. दुर्वांकुर, त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. सिक्युरिटीवाला दाराशी असतो तो बाकीच्यांनी निर्धास्त राहावं म्हणून. क्युरेटरचं पद त्याच्या बरोब्बर उलट, काळजी वाहण्याचंच.

अवांतर: इंग्रजी 'केअर' मात्र या घरातला नाही. तो जर्मानिक कुळातला, आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता दुःख, शोक. दिसायला भाऊ, पण रक्ताचं नातं नाही.

आणि एक राहिलंच. 'कूरा' कुठून आला? वारो नावाचा रोमन पंडित इ.स.पू. पहिल्या शतकात लिहून गेला की ती 'कोर' म्हणजे हृदय जाळते म्हणून 'कूरा'. भाषाशास्त्र हे मानत नाही. जुन्या शिलालेखांत या शब्दाची 'कोइर-' अशी रूपं सापडतात, त्यांचा 'कोर'शी संबंध लागत नाही. पण एका विद्वानाला काळजी म्हटल्यावर हृदय आठवलं, हे मला विसरता येत नाही.

दुर्वांकुर
@भ्रमणध्वनी, वारोचं वाचून मी खुर्चीतून उठले. काळजी आणि काळीज! आपल्या तोंडीही हे दोन शब्द शेजारीशेजारीच असतात. काळजीनं काळीज पोखरतं. त्याची व्युत्पत्ती चुकीची असेल, अनुभव चुकीचा नाही. पावसाळ्यात रात्री स्टोअरच्या छताचा विचार मनात आला की झोप लागत नाही, हे माझ्या पदाच्या कामांच्या यादीत कुठेही लिहिलेलं नाही.

@कागदपत्रे, "दुसऱ्याच्या वतीनं" हे फार नेमकं. दान देणारे कधीकधी आम्हाला म्हणतात, आता हे तुमचं झालं. मी दर वेळी सांगते, माझं नाही झालं.

टाका_टिपका
मी संग्रहालयात कापडांवर काम करते, कॉन्झर्व्हेटर म्हणून. बाहेरच्यांचा या दोन पदांत नेहमी घोटाळा होतो, म्हणून लिहिते.

वस्तूच्या अंगाला हात लावून काम करते ती मी. कसर लागलेली शाल वेगळी काढणं, फाटलेल्या जागी मागून आधाराचं कापड जोडणं, चुकीच्या पद्धतीनं पूर्वी चिकटवलेलं सोडवणं. क्युरेटर सांगते की ही शाल का महत्त्वाची, कोणता डाग तिच्या इतिहासाचा म्हणून राहू द्यायचा. मी सांगते की तिला किती उजेड सोसेल. जुनं कापड आणि जलरंग यांच्यासाठी साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) धरतात, तैलचित्राला २०० पर्यंत चालतं. उजेडानं झालेली हानी साठत जाते आणि उडालेला रंग परत येत नाही.

यावरून भांडणंही होतात. एकदा एका ओढणीवरून आमच्या क्युरेटरशी माझा मोठा वाद झाला. त्यांना ती वर्षभर मांडायची होती, मी ३ महिन्यांवर अडून बसले. शेवटी ३ महिने ठरले आणि नंतर तिच्या जागी दुसरी लावली. दोघींनाही तिची काळजीच होती. त्यांना ती लोकांना दिसत नाही याची, मला ती संपेल याची.

गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये 'कॉन्सेर्व्हातर' म्हणजे क्युरेटर, आणि माझं काम करणारा तो 'रेस्तोरातर'. डचमध्येही संग्रहालयाचा 'कॉन्सर्व्हाटोर' म्हणजे क्युरेटरच. परदेशी सहकाऱ्यांशी पत्रव्यवहार करताना आधी 'आपण नक्की काय करता' हे विचारून घेते.

परदेशी_पत्र
टाका_टिपका यांच्या मुद्द्याला जोडून. जर्मनमध्ये जुना शब्द 'कुस्टोस', म्हणजे कागदपत्रे यांनी सांगितलेला पहारेकरी. रशियनमध्ये 'ख्रानीतेल', जपून ठेवणारा. ब्रिटिश म्युझियममध्ये विभागप्रमुख आजही 'कीपर' असतो. ऑक्सफर्डचं ॲश्मोलियन १६८३ मध्ये उघडलं तेव्हा पहिला प्रमुख रॉबर्ट प्लॉट, त्याचंही पद कीपरच. म्हणजे 'राखणारा' ही कल्पना फक्त मराठीच्या माथी मारू नका, अर्धं युरोप तिच्यावर चाललंय.

जपानीत मात्र वेगळं. 'गाकुगेइइन'. त्यातली अक्षरं: विद्या, कला, सदस्य. राखणं नाही, जपणंही नाही. तिथल्या १९५१ च्या संग्रहालय कायद्यात हे पद आहे आणि त्यासाठी ठरलेली पात्रता लागते.

इंग्रजीत क्युरेटर हा शब्द संग्रहाशी जोडला गेला तो १७ व्या शतकात. त्याच काळातलं एक उदाहरण: १६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेनं रॉबर्ट हूकला 'प्रयोगांचा क्युरेटर' नेमलं. दर बैठकीला तीन-चार मोठे प्रयोग करून दाखवायचे, हे त्याचं काम. पुढे सोसायटीचा वस्तुसंग्रहही त्याच्याकडे आला. मला हे आवडतं, कारण त्याच्या बाबतीत राखण्याच्या आधी दाखवणं आलं.

ओसरी
मराठी शब्दाकडे येऊ या. माझं मत 'संग्रहपाल'ला. ग्रंथपाल आपण सहज म्हणतो आणि ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांचा पहारेकरी असं कोणी समजत नाही. पुस्तकं जाणणारा, लावणारा, देणारा असंच समजतो. लेखापाल, राज्यपाल, सगळीकडे 'पाल'मध्ये सांभाळ आणि कारभार दोन्ही आहे. 'पालन'मध्ये तर वाढवणंही आहे.

हिंदीत 'संग्रहाध्यक्ष' चालतो. तो मराठीत नको. आपल्याकडे अध्यक्ष म्हणजे सभेत मधल्या खुर्चीवर बसणारा. मूळ अर्थ मात्र सुंदर होता. 'अधि' अधिक 'अक्ष', वरून डोळा ठेवणारा. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाचं, म्हणजे भागाचं, नावच 'अध्यक्षप्रचार' आहे. त्यात खाणींचा, सोन्याचा, कोठाराचा, वजनमापांचा, हत्तींचा असे एकेका कामाचे अध्यक्ष येतात. रोमच्या कूरातोरांची यादी वाचताना मला हीच आठवली.

जुनी_पोथी
@ओसरी, त्याच अधिकरणात 'सन्निधाता' आहे. कोशगृह (खजिना), पण्यगृह (विक्रीच्या मालाची जागा), कोठार, शस्त्रागार बांधून घेणं आणि आत येणारी प्रत्येक वस्तू पारखून घेणं त्याच्याकडे. जाणकारांकडून तपासल्याशिवाय रत्न आत घ्यायचं नाही. संग्रहालयाच्या कामाला इतकं जवळचं दुसरं जुनं पद मला माहीत नाही. फक्त एक अडचण आहे. बंधनागार बांधणंही त्याच्याकडेच. तुरुंग! कागदपत्रे यांची अभिरक्षा फिरून तिथेच पोचली.

कागदपत्रे
खरंच की. कस्टडी काही पाठ सोडत नाही.

मैदानी_वारा
हल्ली गाण्यांच्या याद्या, कपडे, सहली, सगळंच 'क्युरेटेड' असतं. तेही यातच मोडतं का?

परदेशी_पत्र
'क्युरेट' हे क्रियापद 'क्युरेटर'वरून उलटं बनवलेलं आहे. करणारा आधी आला, करणं नंतर. प्रदर्शन 'रचणारा' म्हणून क्युरेटरचं नाव पुढे आलं ते १९६० नंतर. हाराल्ड झेमान हे त्यातलं मोठं नाव. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या कलादालनातलं त्याचं १९६९ चं प्रदर्शन गाजलं, वादग्रस्तही ठरलं. त्याच वर्षी तो तिथून बाहेर पडला आणि स्वतंत्रपणे प्रदर्शनं करू लागला. स्वतःला तो 'प्रदर्शन करणारा' म्हणवून घ्यायचा. तेव्हापासून संग्रह नसलेला क्युरेटरही असू शकतो हे रूढ होत गेलं. आजचं 'क्युरेटेड' त्याचंच दूरचं टोक.

टाका_टिपका
मला ते 'क्युरेटेड' खटकतं, आणि का खटकतं ते सांगते. त्यात निवड आहे, सांभाळ नाही. यादीत गाणं घेतलं म्हणून त्या गाण्याचं पुढे काय होतं याची जबाबदारी कोणी घेत नाही. आमच्याकडे वस्तू एकदा दाखल झाली की तिच्या दर वर्षीच्या अवस्थेची नोंद होते, ती कधीच मांडली गेली नाही तरी. निवडणं हा कामाचा सर्वांत लहान भाग आहे.

दुर्वांकुर
अगदी. +१.

सगळ्यांचे आभार. 'संग्रहपाल' मनात घोळतोय. 'काळजीवाहक' सुचला होता, पण 'काळजीवाहू'नं ती जागा आधीच घेतलीय आणि काळजीवाहू म्हटलं की लोकांना पडलेलं सरकार आठवतं.

ओसरी
'निगा' कसा वाटतो? फारसी 'निगाह'वरून आलाय, म्हणजे नजर. आपण 'निगा राखतो' म्हणजे मुळात नजर ठेवतो, आणि मराठीत येईस्तोवर त्यात जपणूक पूर्ण मुरली. अध्यक्षातला डोळा आणि कूरातली काळजी दोन्ही त्यात आहेत. झाडाची निगा, आजाऱ्याची निगा. कोणी चोर पकडण्याला निगा म्हणत नाही.

दुर्वांकुर
@ओसरी, हा शब्द मी रोज वापरते आणि मला सुचला नाही!

दारावरची पाटी मला बदलता येणार नाही, पदाचं नाव मंजूर यादीतलं आहे. पण नवं दालन तयार होतंय, त्याच्या दारापाशी काम करणाऱ्यांची नावं लावायची आहेत. तिथे माझ्या नावाआधी 'संग्रहाचा अभ्यास आणि निगा' असं लिहायचं ठरवलंय. आज कच्चा मजकूर दिला.

टाका_टिपका, तुमच्यासारखं काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांसाठी काय लिहू? 'जतन' म्हटलं तर पुरेल का, की दुरुस्तीही यायला हवी?

टाका_टिपका
'जतन आणि उपचार' लिहा. उपचार म्हणजे पुन्हा 'क्युअर'च की! फक्त 'दुरुस्ती' नको. दुरुस्तीत वस्तू नवी दिसावी अशी अपेक्षा येते आणि आम्ही ते मुद्दाम टाळतो.